सोळाव्या वर्षी चावी, पंचविसाव्या वर्षी पावती पुस्तक

मुंबईत मुलगा मोठा झाला हे ओळखायच्या ज्या खुणा आपण मानतो, त्यातल्या बहुतेक अंगाच्या आणि धाडसाच्या आहेत. मिसरूड फुटलं की तो वडिलांच्या स्कूटरची चावी मागतो आणि ती त्याला मिळते. लोकलच्या दारात वारा खात उभा राहणारा आत बसलेल्यापेक्षा मोठा. टपरीवर ज्याच्या नावाने उधारी चालते तो मोठा. शनिवारी रात्री बाराला मित्रांचा फोन आला की घरी न सांगता जो खाली उतरतो, तो तर सगळ्यांचा म्होरक्या. त्याच मुलाला विचारा, घराचं भाडं किती, कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला जातो, आजीच्या बीपीच्या गोळ्यांना महिन्याला किती लागतात? त्याला माहीत नसतं. त्याने कधी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "तू तुझ्या अभ्यासाकडे बघ."

या वयाच्या मुलांबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात. एकतर 'पोरं बिघडली', नाहीतर 'वयच तसं असतं'. मला दोन्ही पटत नाहीत. आपण मोठे झालो हे चारचौघांत सिद्ध करावंसं वाटणं ही सोळा-सतराच्या मुलाची खरी भूक आहे, त्यात बिघाड काही नाही. बिघाड आपल्या वाटपात आहे. ज्या निर्णयांना तो अजून तयार नाही ते आपण कौतुकाने त्याच्या हाती देतो, आणि ज्यांना तो तयार आहे ते काका-मामांच्या ताब्यात ठेवतो.

टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली. शरीराने प्रौढ पण समाजाच्या लेखी मूल, अशी काही वर्षं आजच्या मुलांच्या वाट्याला येतात. त्या काळात एरवी सरळ असलेली मुलंही मोठेपणाची नक्कल करू लागतात: सिगारेट, दारू, मारामारी, कायदा मोडणं. मोठ्या माणसाचं खरं स्थान मिळालं की त्यातल्या बहुतेकांचं हे वागणं आपोआप सुटतं. पुढे २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. काही जण एकटे खेळले, काहींच्या मागे बरोबरीचे दोघे बघायला होते. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या लोकांना मात्र कोणी बघतंय की नाही याने फरक पडला नाही. २०१९ मध्ये भारतासह ११ देशांतल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हेच दुसऱ्या बाजूने दिसलं. शांतपणे माहिती घेऊन विचार करण्याची ताकद सोळाच्या आसपास मोठ्यांइतकी होते. भावनेच्या भरात स्वतःला आवरण्याची ताकद यायला अठराच्याही पुढे बरीच वर्षं जातात.

यातून घरात वापरता येईल अशी चाळणी मिळते. निर्णयाला वेळ आहे, कागद समोर आहे आणि त्या क्षणी मित्रांचं कोंडाळं भोवती नाही, तर सोळा वर्षांच्या मुलाला तो निर्णय घेऊ द्यावा. क्षणात ठरवायचं आहे, वेग आहे आणि मागून कोणी "खेच, खेच" म्हणतंय, तर देऊ नये.

स्कूटरच्या चावीत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढची रिक्षा अचानक वळली हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर सरावलेल्या माणसाने दोन्ही ब्रेक नीट लावले तरी थांबायला आणखी साधारण २० मीटर लागतात. एकूण झाले लोकलचे जवळजवळ दोन डबे. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर आली की हेच अंतर ५० मीटरच्या घरात जातं. त्यात नवशिका मुलगा फक्त मागचा ब्रेक लावतो, कारण 'पुढचा दाबलास तर उलटशील' असं त्याला मित्राने सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा जोरात दाबला की चाक जाम होतं आणि गाडी आडवी घसरत जाते. ट्रिपल सीट असेल तर तिसऱ्याचं वजन अगदी मागे पडतं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, मॅनहोलची झाकणं, उखडलेले पेव्हर ब्लॉक, सगळं ओलं, आणि त्यावर वळता वळता ब्रेक! टायरला धरायला काही उरत नाही. यातलं काहीही त्याला कोणी शिकवलेलं नसतं. गाडी शिकवणारा मित्र स्वतः सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या मित्राकडून शिकलेला असतो.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. वय १६ पूर्ण झाल्यावर पालकांच्या संमतीने परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. आपल्या इमारतींखाली उभ्या असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, त्यांना १८ वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, १२ महिने गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं असतं. विम्याचं तर बहुतेकांच्या गावीही नसतं. परवाना नसलेल्या मुलाने कोणाला उडवलं तर न्यायालय विमा कंपनीला जखमीची भरपाई आधी द्यायला लावू शकतं, पण ती रक्कम कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करून घेते. म्हणजे ती वडिलांच्या खिशातून जाते.

एवढं असून चावी दिली जाते, कारण क्लासला सोडायला कोणाला वेळ नसतो, आणि 'आमचा आता गाडी काढतो' हे शेजाऱ्यांना सांगण्यात अभिमान असतो. १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता म्हणून राज्यभर संताप उसळला, आणि या मुलाला मूल मानायचं की प्रौढ, यावर महिनाभर वाद झाला. तो प्रश्न विचारायची वेळ टळून गेली होती. चावी हातात देताना तो कोणीतरी विचारायला हवा होता.

अठरा पूर्ण झाल्यावरही लर्निंग लायसन्स काढून किमान ३० दिवस शिकायचं, मग पक्क्या परवान्याची चाचणी द्यायची, असा क्रम आहे. त्या काळात दुचाकीवर मागे फक्त परवानाधारक शिकवणारा बसू शकतो, मित्र नाही. हा नियम ज्याने केला त्याला या वयाची नस कळली होती. घराने तो पक्का परवाना आल्यानंतरही आणखी तीन महिने पाळावा. आणि त्याआधी रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात, ताशी २० च्या वेगापासून सुरुवात करून, दोन्ही ब्रेक एकत्र लावायचा सराव वडिलांनी स्वतः करून घ्यावा.

लोकलच्या स्टंटबद्दल फार लिहायला नको. टपावर चढणाऱ्याने डोक्यावरची तार धरायची गरजच नसते, २५,००० व्होल्टचा झोत हवेतून उडी घेतो. रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली टपावरून किंवा पायरीवरून प्रवास केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण मित्रांदेखत झालेला पाचशेचा दंड या वयाला शिक्षा वाटत नाही, ते शौर्याचं प्रमाणपत्र ठरतं. म्हणून केवळ दंड वाढवून हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही.

एका ठिकाणी मात्र मुंबईने याचं उत्तर शोधलेलं आहे. चांगली गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासून सराव करतात. कोण कोणत्या थराला, हे प्रशिक्षक आठवडेच्या आठवडे पारखून ठरवतो. खांदे टिकत नाहीत त्याला खालच्या घेऱ्यात उभं करतात, आणि तोही पथकाचा टी-शर्ट तितक्याच मानाने घालतो. दहीहंडीच्या दिवशी 'मी वर जातो' म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. मुलाला स्थान मिळतं, पण क्षणाचा निर्णय त्याच्याकडे नसतो. २०१७ पासून चौदाच्या आतल्या मुलांना थरांवर बंदी आहे, ती योग्यच आहे. जी पथकं सरावाशिवाय केवळ बक्षिसाच्या मागे ट्रक घेऊन फिरतात, त्यांना मी यात धरत नाही.

आता ज्या निर्णयांना ही मुलं तयार आहेत आणि जे आपण त्यांना देत नाही, त्यांच्याकडे वळू. पहिला अकरावीचा. २०२५ पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत. फॉर्मच्या पहिल्या भागात माहिती आणि कागदपत्रं, दुसऱ्यात जास्तीत जास्त १० पसंतीक्रम. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणजे क्रम कसा लावला यावर सगळं आहे. हा फॉर्म बहुतेक घरांत सायबर कॅफेवाला, क्लासचे सर किंवा मामा भरतो. वर मोठ्या नावाचं कॉलेज टाकलं जातं. ती तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे सरकारी अनुदान नसलेली, जास्त फीची) हे कोणी बघत नाही, आणि फीचा आकडा कळतो तेव्हा मागे फिरता येत नाही.

हे काम मुलाला द्यावं. आई-वडिलांनी आधी दोनच मर्यादा सांगाव्यात: वर्षाला जास्तीत जास्त किती फी परवडेल आणि रोजचा प्रवास किती चालेल. मग त्याने पंधरा-वीस कॉलेजांचा तक्ता करावा. मागच्या वर्षीचा आपल्या शाखेचा आणि आपल्या प्रवर्गाचा कटऑफ, तुकडीचा प्रकार, फी, मिळणारे विषय, आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ. शेवटचा रकाना नकाशावरून भरू नये. डोंबिवलीहून सकाळची गर्दीची गाडी पकडून दादरला उतरून बघावं, म्हणजे नकाशावरचा सव्वा तास प्रत्यक्षात किती होतो ते कळतं. क्रम लावताना दोन-तीन कॉलेजं आपल्या गुणांच्या जरा वरची, मधली चार-पाच टप्प्यातली, शेवटची दोन हमखास लागणारी. तक्ता झाल्यावर आई-वडिलांनी प्रश्न विचारावेत, पण सायन्स की कॉमर्स आणि पहिला नंबर कोणाला, हे त्याने ठरवावं.

दुसरा पैशांचा. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेत बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, ही परवानगी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दिली. त्यात उधारी नाही, शिल्लक शून्याखाली जात नाही. तरी सतरा वर्षांचा मुलगा रोज सकाळी आईकडे पन्नास रुपये मागतो! त्याच्यावर गेल्या तीन महिन्यांत झालेल्या खर्चाची सरासरी काढावी: रेल्वे पास, रिचार्ज, वह्या, कटिंग, खाणं, कपडे. तेवढी रक्कम एक तारखेला खात्यात टाकावी आणि महिनाभर आणखी काही देऊ नये. हा प्रयोग जिथे फसतो तिथे तो बहुधा वीस तारखेला फसतो, आई गुपचूप दोनशे सरकवते तेव्हा. त्याशिवाय घरातलं एक बिल पूर्णपणे त्याच्याकडे असावं. विजेचं सगळ्यात चांगलं: शहरात बेस्टचं, उपनगरात अदानी किंवा टाटाचं, मुलुंड-भांडुपकडे महावितरणचं. मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, वरच्या टप्प्यात गेलं की दर कसा चढतो, मुदत कधीची. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा त्याने ताडून बघावा, भरावं, आणि उशीर झाला तर वरचा आकार त्याच्या पैशांतून जावा.

तिसरी जागा घराबाहेरची आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ. तिथे ही मुलं मरमर राबतात. मंडपाच्या बांबूंपासून आगमनाच्या मिरवणुकीतल्या दोरीपर्यंत, रात्रीच्या पहाऱ्यापासून विसर्जनाच्या ट्रॉलीपर्यंत. खजिनदार मात्र पन्नाशीचा, आणि पावती पुस्तक पंचविशीच्या आत कोणाच्या हाती पडत नाही. खजिनदाराची सही प्रौढाचीच राहू दे, धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणीसाठी कलम ४१ सी ची परवानगीही मोठ्यांनीच काढावी. रोजची वसुली आणि हिशेब मात्र सोळा-सतराच्या दोघा-दोघांच्या जोड्यांना द्यावा.

रीत अशी. क्रमांक छापलेली पुस्तकं. कोणाला कोणतं पुस्तक, कितीपासून कितीपर्यंत, कोणत्या तारखेला, याची वहीत नोंद आणि सही. पावतीची स्थळप्रत पुस्तकातच राहते. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रती जागेवर ठेवून आडवी रेघ आणि 'रद्द'. यूपीआयचा क्यूआर फक्त मंडळाच्या खात्याचा. रोज रात्री फाडलेल्या पावत्यांची बेरीज एका बाजूला, रोख अधिक खात्यात आलेली रक्कम दुसऱ्या बाजूला. जमलं नाही तर त्याच रात्री शोधायचं, कारण तीन दिवसांनी कोणी कोणाला सुट्टे दिले होते हे आठवत नाही. जमलेली रोख जशीच्या तशी बँकेत जाते. किरकोळ खर्चाला वेगळी ठरलेली रक्कम, प्रत्येक खर्चाला व्हाउचर आणि बिल. मंडळांचे हिशेब बिघडतात ते बहुतेक वेळा चोरीने नव्हे. वसुलीच्या खिशातूनच डेकोरेशनवाल्याला ॲडव्हान्स दिला जातो, फुलवाल्याला दिले जातात, आणि अनंत चतुर्दशीला कोणालाच आकडा लागत नाही. मुलांनी हे सांभाळलं की उत्सवानंतरच्या सभेत चाळीतल्या सगळ्यांसमोर जमाखर्च त्यांनीच वाचून दाखवावा. बघणारे तिथेही असतात, पण ते झालेलं काम बघतात, आणि मुलाने ते रात्री शांत बसून केलेलं असतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. धारावीत, गोवंडीत, कुर्ल्यात कितीतरी मुलं पंधराव्या वर्षापासून कामच करतात, तरी तीही लोकलच्या दारात लटकतात. खरं आहे. (ज्यांना कायदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी: २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आत काम लावायला बंदी आहे, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत असे अपवाद वगळता. चौदा ते अठराला धोक्याची कामं वर्ज्य आहेत. इतरत्रही विश्रांती धरून सहा तासांपेक्षा जास्त नाही आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ अजिबात नाही.) पण या मुलांच्या हातात काम असतं, निर्णय नसतो. तो गाठोडी उचलतो, पण ऑर्डर घ्यायची की नाही हे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या वडिलांनी एका गिऱ्हाइकाचा भाव आणि उधारीची वही त्याच्याकडे दिली, तर त्याच कामाचा त्याच्यासाठीचा अर्थ बदलेल.

मुलींचं नेमकं उलटं होतं आणि त्याचा मला राग येतो. सोळाची मुलगी दोन वेळचा स्वयंपाक, धाकट्याचा अभ्यास, पाणी भरणं सगळं करते, म्हणजे जबाबदारी आहे. पण संध्याकाळी सातनंतर ती नाक्यापर्यंत जाऊ शकत नाही, आणि अकरावीला जवळचं कॉलेज तिच्यासाठी दुसरं कोणीतरी ठरवतं. भावाला मोकळीक मिळते जबाबदारीशिवाय, बहिणीला जबाबदारी मोकळिकीशिवाय. वर लिहिलेला तक्ता, खातं आणि पावती पुस्तक तिच्याही हाती द्यायचं आहे, आणि ते देताना भावाने पोळ्या लाटायला शिकायचं आहे.

मुलगा चुकणार, हे धरून चालावं. पहिल्या महिन्यात पैसे बारा तारखेला संपतील. पावती पुस्तकात सातशे रुपये कमी भरतील. म्हणून नुकसान किती सोसता येईल हे आधी ठरवावं, आणि तेवढ्याच किमतीचा निर्णय त्याच्या हाती द्यावा. पैसे संपले तर उरलेले अठरा दिवस पास आणि डबा यावर निघतात, त्यात जिवाला काही होत नाही. कमी भरलेले सातशे वडिलांनी रात्रीतून भरून टाकू नयेत; त्याने पुढच्या दोन महिन्यांच्या पैशांतून द्यावेत आणि सभेत तसं स्वतः सांगावं. नातेवाइकांपुढे, मित्रांपुढे तो विषय निघू नये, नाहीतर तो पुन्हा त्याच मित्रांसमोर दुसरं काहीतरी सिद्ध करायला जाईल. आणि मंडळाने पुढच्या वर्षीची पुस्तकं वाटताना त्याचं नाव यादीतून गाळू नये.